एका ‘स’ची दोन गावं

२०१६ साली राज्यातलं पहिलं ‘कॅशलेस गाव’ म्हणून गाजलेल्या धसईतून कल्याण-भिवंडीला इंटरव्ह्यूला निघालेली पोरं एका अक्षराला जाम घाबरतात. ‘माय ब्रदर वर्क इन भिवंडी’ असं तोंडून गेलं, की समोरचा काही बोलत नाही, पण चेहरा बदलतो. गोदामाचा हिशोब, कॉम्प्युटर, सगळं येत असलं तरी मत तिथंच बनतं. आयटीतही वेगळं नाही. कोड चालतो का हे नंतर बघतात, ईमेलमधलं ‘ही डोन्ट’ आधी दिसतं.

खरं तर क्रियापद फिरवणं मराठी पोराला नवं नाही. जातो, जाते, जातं, जातोस, जातेस, जातात ही रूपं त्याला शाळेआधीच येतात. ‘भावाने आंबा खाल्ला, भाकरी खाल्ली’ म्हणताना क्रियापद कर्त्याला सोडून कर्मामागे जातं, तरी कुणी अडखळत नाही. इंग्रजीत यातलं जवळपास काहीच नाही. साध्या वर्तमानकाळात तृतीय पुरुषी एकवचनाला तेवढा ‘स’. आय वर्क, दे वर्क, पण शी वर्क्स. प्रश्नात किंवा नकारात तो ‘स’ डज घेतं आणि मूळ क्रियापद मोकळं राहतं: डज शी वर्क? घोळ होतो तो वेगळ्याच कारणाने. नामाला ‘स’ लागला की अनेकवचन, क्रियापदाला लागला की एकवचन! आणि शाळेत सांगतात फक्त ‘ही, शी, इट आलं की एस लावा’. हा एस आला कुठून, ते कुणी सांगत नाही.

तो आला उत्तर इंग्लंडातून. जुन्या इंग्रजीत तिथे ‘थ’ असायचा: गोएथ, बेअरेथ. दहाव्या शतकातल्या उत्तरेकडच्या हस्तलिखितांत ‘थ’च्या शेजारी ‘स’ दिसायला लागतो, आणि पुढच्या काही शतकांत ही गावंढळ बोली लंडनपर्यंत पोचते. शेक्सपिअरच्या नाटकांत दोन्ही सापडतात. १६११च्या बायबलने मात्र ‘थ’ धरून ठेवला. १६४३ साली रिचर्ड हॉजेस हा शाळामास्तर लिहितो, की लोक लिहितात ‘थ’, पण बोलतात ‘स’. म्हणजे आज ज्याला शुद्ध म्हणतात, ते एकेकाळी उत्तरेकडच्या खेड्यातलं बोलणं होतं. पूर्व इंग्लंडातल्या नॉरफोकच्या जुन्या बोलीत तर आजही ‘शी गो’च म्हणतात. तिथे ती बोली ठरते, आपल्याकडे चूक.

आणि तो हरलेला ‘थ’ आपला नातेवाईक आहे. १७८६ साली कोलकात्यात विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात असं मांडलं. १८१६ साली फ्रान्झ बॉपने त्यावर पुस्तक लिहिलं, तेही क्रियापदांच्या रूपांवर. संस्कृत ‘भरति’ म्हणजे वाहतो, आणि इंग्रजी ‘बेअरेथ’चा अर्थही तोच. धातू एक, ‘ति’ आणि ‘थ’ही एकाच प्रत्ययाचे. आपल्याकडे डोक्यावर गवताचा भारा येतो, तो त्याच धातूतला.

मराठीतही हीच उलथापालथ झाली. संस्कृत ‘याति’चं प्राकृतात ‘जाइ’ झालं आणि ज्ञानेश्वरीच्या काळात ते वर्तमानकाळाचं रूप होतं, लिंगाचा भेद न करणारं. पुढे ‘जात’ या रूपापासून जातो-जाते आले, लिंगभेद सोबत घेऊन आले, आणि जुनं रूप मागे सरकलं. ‘आजी रोज देवळात जाई’ असं आता म्हटलं, तर तो रीतिभूतकाळ होतो. वर्तमानकाळच भूतकाळात जमा झाला, याहून भारी गोष्ट मला व्याकरणात सापडलेली नाही.

आता पाळी ‘जातोस’मधल्या ‘स’ची आहे. तो संस्कृतातल्या ‘गच्छसि’च्या ‘सि’चा वारस. इंग्रजीतला त्याचा भाऊबंद, ‘दाऊ गोएस्ट’मधला ‘स्ट’, दाऊबरोबरच गेला. आपला ‘स’ कल्याण लोकलमध्ये आणि व्हॉट्सअॅपवर रोज गळतोय. ‘वर्क’ला ‘स’ न लावणाऱ्या पोराकडे बघून नाक मुरडणारा साहेबही फोनवर मित्राला विचारतो, ‘काय रे, तू कधी येतो?’