वरकस जमीन व झाडाचें स्वामित्व

सांताक्रूझ ज्यांत येतें तो साष्टीचा दक्षिण भाग सन १९२० पर्यंत ठाणें जिल्ह्यांतच मोडत असे. आज येथें भातखाचर औषधालाही सापडत नाहीं. तेव्हां येथील वाचकांस ‘वरकस’ हा शब्द अपरिचित वाटल्यास नवल नाहीं. खाचरांच्या वरच्या अंगास असलेली माळाची व उताराची जमीन ती वरकस. तींत नाचणी, वरी हीं पिकें आळीपाळीनें निघत. परंतु तिचा मोठा उपयोग राबासाठीं होता. शेण, ऐनाचा टहाळ, पालापाचोळा, गवत व वर माती असे थर रचून ते उन्हाळ्यांत जाळावयाचे आणि पावसाच्या तोंडावर त्या राखेंत भाताचें बीं पेरावयाचें, ही राबाची रीत. ठाणें जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरांत तिचें वर्णन आहे. म्हणजे झाड हें शेताचेंच अंग होतें.

१८७८ च्या जंगल-कायद्यानंतर हा संबंध तुटूं लागला. रयतेची ओरड इतकी वाढली कीं, १८८५ सालीं मुंबई सरकारास चौकशी-कमिशन नेमावें लागलें. राब म्हणजे जंगलाचा नाश, असा जंगलखात्याचा पक्ष होता. आमच्या मतें तो अर्धाच खरा. ज्या झाडावर उद्यां आपला हक्क राहील कीं नाहीं याची शाश्वती नाहीं, तें राखण्याची बुद्धि कोणास होणार? ठिकठिकाणीं उतार उघडे पडले व माती वाहून गेली.

याउलट रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र पाहावें. आरमारास लांकूड हवें, हें सांगत असतांच तें बजावितें कीं, रयतेच्या आंब्या-फणसांस हात लावूं नये. तीं झाडें लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात. जीर्ण झाड घेणें तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावें.

उरुळीकांचनच्या मणिभाई देसाई यांनीं १९६७ सालीं स्थापिलेल्या, आज ‘बाएफ’ या नांवानें परिचित असलेल्या संस्थेनें १९८२ सालीं गुजराथेंतील वांसदा येथें आदिवासी कुटुंबांबरोबर ‘वाडी’चा उपक्रम आरंभिला, पुढें तो जव्हारकडेही आला. (‘वाडी’चें मूळ संस्कृत ‘वाटिका’. ‘वाट’ म्हणजे कुंपणाची जागा. शाळेंत आम्ही ‘लहान बाग’ एवढ्यावरच भागवीत असूं.) एकरभर उजाड वरकस, तींत आंबा व काजू, मधल्या पट्ट्यांत धान्य-कडधान्य, कडेस लांकूड-चाऱ्याच्या झाडांचें जिवंत कुंपण, उतारावर माती अडविणारे बांध. फळ येईपर्यंतचीं वर्षें मधल्या पिकावर काढावीं लागतात व उन्हाळ्यांत रोपांस डोक्यावरून पाणी आणावें लागतें. हे कष्ट कुटुंब सोसतें, कारण झाड त्याचें आहे. १९९० पासून महाराष्ट्र सरकारनेंही रोजगार हमी योजनेशीं फळबागांची सांगड घातली.

परंतु जी वरकस कसणाऱ्याच्या नांवावर नाहीं, तिचें काय? २००६ च्या वनहक्क कायद्यानें अशा जमिनीचा हक्क मागण्याचा मार्ग खुला झाला. ज्यांचे दावे पडून राहिले, त्यांच्यापुरतें तें १८८५ चें भांडण अजून मिटलेलें नाहीं.