प्लॅस्टिक-करार आणि ‘संपूर्ण जीवनचक्र’ : वाटाघाटींचा इतिहास (२०२२–२०२५)

आंतरराष्ट्रीय करारांच्या भाषेत एखादा शब्दप्रयोग सर्वमान्य होतो, तो पुष्कळदा त्याचा अर्थ निश्चित असतो म्हणून नव्हे, तर तो अनिश्चित ठेवलेला असतो म्हणून. प्लॅस्टिक-प्रदूषणाच्या निर्मूलनार्थ २०२२ पासून झालेल्या वाटाघाटी हे याचे ठळक उदाहरण होय.

प्लॅस्टिकचे जागतिक उत्पादन १९५० मध्ये सुमारे २० लाख टन होते. २०१९ मध्ये ते सुमारे ४६ कोटी टनांवर गेले. पूर्वीचे आंतरराष्ट्रीय निर्बंध मात्र कचऱ्यापुरतेच होते. जहाजांवरून समुद्रात प्लॅस्टिक टाकण्यास मनाई करणारे ‘मारपोल’ कराराचे पाचवे परिशिष्ट १९८८ च्या अखेरीस अमलात आले. बाझल करारातील २०१९ च्या दुरुस्तीने प्लॅस्टिक-कचऱ्याच्या सीमापार वाहतुकीचे नियमन केले. वस्तू टाकाऊ ठरल्यानंतरच या दोहोंचा अंमल सुरू होतो.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेपुढे २०२२ मध्ये नैरोबी येथे तीन मसुदे आले. रवांडा व पेरू यांच्या मसुद्याचा रोख प्लॅस्टिकच्या संपूर्ण जीवनचक्रावर होता, जपानच्या मसुद्याचा सागरी प्रदूषणावर, तर भारताच्या मसुद्याचा एकदाच वापरावयाच्या वस्तूंवर व ऐच्छिक उपायांवर. २ मार्च रोजी संमत झालेल्या ठरावात बंधनकारक करार व ‘संपूर्ण जीवनचक्र’ ही दोन्ही पदे आली, आणि २०२४ ची अखेर ही मुदत ठरली. तथापि या चक्राचा आरंभ कोठे मानावयाचा, हे ठरावाने सांगितले नाही.

पुढील सर्व वाद या मौनातून उद्भवला. एका पक्षाच्या मते चक्राचा आरंभ कच्च्या मालापासून व मूळ बहुवारिकांच्या उत्पादनापासून होतो. सबब उत्पादनावर मर्यादा हवी. तेल व रसायन-उद्योगांवर अवलंबून असलेल्या अनेक राष्ट्रांच्या मते ठरावाचा विषय प्रदूषण हा आहे, उत्पादन नव्हे. पॅरिस येथे २०२३ मध्ये पाच दिवसांपैकी जवळजवळ दोन दिवस कार्यपद्धतीच्या नियमांवर खर्च झाले. एकमत न झाल्यास मतदान घ्यावे की नाही, हा तेथील प्रश्न होता. तो वरवर तांत्रिक भासला, तरी अल्पसंख्य पक्षाच्या हाती नकाराधिकार राहणार की नाही, हेच त्यावर अवलंबून होते. तो अनिर्णितच राहिला.

बुसान येथे २०२४ च्या अखेरीस पनामाने उत्पादन घटविण्याचे उद्दिष्ट करारात असावे, असा प्रस्ताव मांडला. त्यास शंभराहून अधिक राष्ट्रांचा पाठिंबा मिळाला. भारताने विकासाच्या हक्काचा आधार घेऊन मूळ बहुवारिकांच्या उत्पादन-नियमनास विरोध केला. मुदत टळली. ऑगस्ट २०२५ मध्ये जिनीव्हा येथे अध्यक्षांनी मांडलेल्या मसुद्यातून उत्पादनविषयक कलमच गळाले. महत्त्वाकांक्षी राष्ट्रांनी तो फेटाळला. १५ ऑगस्टच्या पहाटे आलेला सुधारित मसुदाही सर्वांना मान्य झाला नाही, आणि सभा कराराविना संपली.

तेव्हा संदिग्धता हाच दोष होता काय? असा निष्कर्ष घाईचा ठरेल. आरंभबिंदू नैरोबीतच निश्चित करण्याचा आग्रह धरला असता, तर बहुधा ठरावच झाला नसता. आणि याच शब्दप्रयोगामुळे उत्पादनाचा प्रश्न वाटाघाटींच्या पटावर राहिला, हेही नाकारता येत नाही. १९८७ च्या माँट्रियल मसुदा-करारात नियंत्रित द्रव्यांची नामनिर्देशपूर्वक यादी होती. परंतु तेथे द्रव्ये मोजकी होती व त्यांना पर्याय दृष्टिपथात येत होते. प्लॅस्टिकची गोष्ट तशी नाही. किंबहुना संदिग्ध पदाने मतभेद मिटविला नाही, तो केवळ पुढे ढकलला. आणि जेथे प्रत्येक निर्णय एकमतानेच होतो, तेथे पुढे ढकललेला मतभेद अखेरच्या रात्री तसाच समोर उभा राहतो. शब्दाने मिळविलेला अवधी पद्धतीच्या अभावी वाया गेला, हाच या इतिहासाचा मथितार्थ होय.