पाण्याचा भरणा

बुऱ्हाणपूर सोडून इंदूर-पुण्याला स्थायिक झालेल्या मंडळींना आपला इतवारा आठवतो, पण इथल्या पाण्याचा हिशोब फार थोड्यांना ठाऊक आहे.

१६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखाना यांच्या काळात कुंडी भंडारा बांधला. सातपुड्यात मुरलेलं पावसाचं पाणी जमिनीखालून तापीकडे उतरतं. ते भुयारात धरून, शंभरावर कुंड्यांना जोडत, नुसत्या उतारावर शहरापर्यंत आणलं. मोट नाही, पंप नाही. पाणी डोंगराचं.

आता अलीकडचं बघा. जुलै २०२२ मध्ये बुऱ्हाणपूर देशातला पहिला ‘हर घर जल’ प्रमाणित जिल्हा ठरला. अभिमान वाटतोच. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या कामाचा पाच ते दहा टक्के वाटा गावानं उचलायचा, श्रमदानही चालतं. पंधराव्या वित्त आयोगानं पंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी-स्वच्छतेसाठी राखून ठेवला. त्यात पावसाचं पाणी साठवणंही बसत होतं.

बँकेत आयुष्य गेलं, म्हणून त्याच भाषेत सांगतो. नळ म्हणजे पैसे काढणं, पाणी जमिनीत मुरवणं म्हणजे भरणा. पाऊस लहरी झालाय. भरणाच झाला नाही तर खातं किती दिवस चालणार?

तुमचे भाऊबंद अजून गावी असतील तर त्यांना ग्रामसभेत एवढंच विचारायला सांगा: यंदाच्या अनुदानातून पाणी मुरवण्यासाठी किती ठेवलेत?