गाव एक, जिल्ह्याची नावं चार

आपलं म्हसावद सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादा तालुक्यात. गाव जागचं हललं नाही, पण जिल्ह्याचं नाव तीनदा बदललं. इंग्रजांच्या राज्यात सगळा मिळून एकच खानदेश जिल्हा होता. १९०६ साली त्याचे दोन झाले, जळगावकडचा पूर्व खानदेश आणि धुळ्याकडचा पश्चिम. आपण पश्चिमेत. महाराष्ट्र झाल्यावर त्यालाच धुळे जिल्हा म्हणू लागले. मग १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा निघाला.

नावाचं काय, आम्हा बायांना मोजावं लागतं ते अंतर. जिल्ह्याच्या कचेरीत काम निघालं की आधी शहादा, मग सारंगखेड्याला तापी ओलांडून दोंडाईचा आणि पुढे धुळं. कडेवर तान्हं असेल तर एका दिवसात परत कसं यायचं? मग घरातला पुरुषच जायचा, आणि कागदही बहुधा त्याच्याच ट्रंकेत राहायचे. आता प्रकाशाला तापी ओलांडली की नंदुरबार. वाट जवळपास निम्म्यावर आली.

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात १६,४८,२९५ माणसं होती, शंभरातली जवळपास सत्तर आदिवासी. दर हजार पुरुषांमागे ९७८ स्त्रिया. राज्यात तेव्हा ९२९ च. सहापैकी चार तालुके तापीच्या उत्तरेला आहेत, कचेरी मात्र दक्षिणेला. धडगावकडच्या डोंगरातल्या बाईला नदीच्या आधी घाटही उतरावा लागतो.