तेल कंपन्यांचे संपादन व विलीनीकरण, चेंबूर
मुंबई उपनगरातील चेंबूरनजीक माहूल येथे स्टँडर्ड व्हॅक्यूम (पुढे एस्सो) व बर्मा-शेल या विदेशी कंपन्यांचे तेल परिष्करण कारखाने अनुक्रमे १९५४ व १९५५ मध्ये सुरू झाले. शासनाने १९७४ व १९७६ च्या अधिनियमांन्वये त्यांचे संपादन केले. एस्सो व लुब इंडिया यांच्या विलीनीकरणातून हिंदुस्थान पेट्रोलियम, तर बर्मा-शेलपासून भारत पेट्रोलियम (१९७७) या कंपन्या उदयास आल्या. मोजकेच विक्रेते असलेल्या बाजारपेठेत मालकी बदलली, की स्पर्धेचे स्वरूपही पालटते; म्हणून या कंपन्यांच्या विक्रीचा प्रश्न वादग्रस्त ठरला. अधिनियमांत दुरुस्ती केल्यावाचून शासनाला त्यांचे खाजगीकरण करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये दिला. हे अधिनियम २०१६ मध्ये निरसित झाले. २०१८ मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियममधील शासनाचे ५१·११ टक्के भाग तेल व नैसर्गिक वायू निगमाने विकत घेतले. भारत पेट्रोलियमच्या विक्रीची प्रक्रिया मात्र २०२२ मध्ये थांबविण्यात आली.