एका नावाची दोन गावे



डिसेंबर १९९९ मधली गोष्ट. काठमांडूहून दिल्लीला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान पळवले गेले आणि अमृतसर, लाहोर, दुबई असे फिरत २५ डिसेंबरला अफगाणिस्तानातल्या कंदाहारला उतरले. पुढचे सहा-सात दिवस सगळा देश रेडिओला आणि टीव्हीला कान लावून बसला होता. मी त्या दिवसांत एकदा माझ्या मावशीकडे गेलो होतो. मावशीचे वय ऐंशीच्या घरातले, आणि थोरली लेक कंधारला दिलेली. म्हणजे आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या कंधारला. मला पाहताच ती म्हणाली, "काय रे बाबा, कंधारला इमान उतरलं म्हनं. तिथं एवढं मोठं इमान उतरायला जागा कुठं हाय? आन् आमच्या पोरीचं काय?"

मी हसलो. ते कंदाहार वेगळे, तिकडे दूर पठाणांच्या मुलखात आहे, असे तिला समजावून सांगितले. तिची काळजी मिटली. पण दोन दिवसांनी वर्गात एका मुलाने जे विचारले, ते इतके सोपे नव्हते. मी तेव्हा लातूर जिल्ह्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवत होतो. तो म्हणाला, "सर, मग नाव कोणी कोणाचं घेतलं? त्यांनी आपलं, का आपण त्यांचं?"

मास्तरला 'माहीत नाही' म्हणणे जड जाते. मी ठोकून दिले, "अरे, मोगलांच्या फौजेत पठाण होते. ते इथे आले, किल्ला पाहून त्यांना आपल्या गावाची आठवण झाली आणि त्यांनी इथे तेच नाव दिले." वर गांधार देशाची आणि गांधारीची पुस्तीही जोडली. मुले खूश झाली. पुढे दरवर्षी हा धडा आला की मी हीच गोष्ट सांगू लागलो. खरे सांगायचे तर मी ती कुठल्याही ग्रंथात वाचलेली नव्हती. कुणाच्या तरी तोंडून ऐकली होती, एवढेच.

आज या दोन गावांविषयी बोलायचे आहे, आणि माझ्या त्या चुकीविषयीही.

आधी आपले कंधार पाहू. मन्याड नदीच्या खोऱ्यात हे तालुक्याचे गाव आहे. भोवती पाण्याचा खंदक असलेला तिथला भुईकोट किल्ला अनेकांनी पाहिला असेल. हाजी सय्याह सरवर मगदूम यांचा दर्गा येथे असल्यामुळे उर्दूत या गावाला 'कंधार शरीफ' म्हणतात. गावाच्या परिसरात क्षेत्रपालाच्या एका प्रचंड मूर्तीचे तुकडे सापडले आहेत. नुसते पाऊल पाहिले तरी अख्खी मूर्ती केवढी असेल, या विचाराने माणूस गप्प होतो. एवढी मूर्ती घडवणारे गाव त्या काळी लहान नसणार.

आणि ते लहान नव्हतेच. राष्ट्रकूटांच्या काळात, म्हणजे इ. स. ७५३ ते ९७३ या सव्वादोनशे वर्षांत, हा आपला सगळा मुलूख वैभवात होता. त्यांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातले मळखेड. पण हे राजे स्वतःला 'लत्तलूरपुराचे अधिपती' म्हणवून घेत. हे लत्तलूर कुठले, यावर अभ्यासकांत बरीच चर्चा झाली. एकदा तर बोट थेट छत्तीसगडातल्या रतनपूरकडे दाखवले गेले. अखेर ते आपले लातूर, हे मत बहुतेकांनी मान्य केले. कंधारचे नावही याच घराण्याशी जोडलेले आहे. राष्ट्रकूटांचा तिसरा कृष्ण इ. स. ९३९ ते ९६७ या काळात राज्यावर होता. दक्षिणेत थेट चोळांपर्यंत धडक मारून ९४९ साली तक्कोलमच्या लढाईत त्यांना हरवणारा हा पराक्रमी राजा. नंतरच्या काळातल्या कोरीव लेखांत त्याला 'कंधारपुरवराधीश्वर', म्हणजे कंधारपूर या श्रेष्ठ नगराचा स्वामी, असे म्हटले आहे. खुद्द कंधारला राष्ट्रकूटांचा शिलालेख सापडला. त्यात जगत्तुंग समुद्र नावाच्या तलावाचा, देवळांचा आणि देणग्यांचा उल्लेख आहे. तो तलाव आजही त्याच नावाने ओळखला जातो.

आता नावाची फोड पाहा. 'कृष्ण' या संस्कृत नावाचे लोकांच्या तोंडी काय झाले? कण्ह, कान्हा, कन्हर, कन्नर. आणि त्यातच 'कंधर'. देवगिरीच्या यादवांत कृष्ण नावाचा राजा होऊन गेला. त्याचे नाव कोरीव लेखांत कन्हर, कन्नर आणि कंधर अशा सगळ्या रूपांत येते. म्हणजे कंधारपूर हे सरळ सरळ 'कृष्णपूर' असण्याचा संभव मोठा आहे. आमच्या एका शास्त्रीबुवांनी मला संस्कृत कोश उघडून दाखवला होता. 'कंधर' म्हणजे मान, म्हणून रावणाला दशकंधर म्हणतात. तेव्हा मानेसारख्या उंचवट्यावरचे गाव ते कंधार, असे त्यांचे म्हणणे. शब्द बरोबर आहे, पण त्यावरून गावाचे नाव पडले याला आधार नाही. असे नुसत्या उच्चाराच्या मागे धावले की रावणही आपल्या गावचा होतो. तोंडी परंपरेत तर कंधार ही द्रौपदीची पांचाळपुरी आहे! आपल्या गावावरच्या प्रेमातून अशा गोष्टी जन्मतात. त्यांचा राग करू नये, पण त्यांना पुरावाही समजू नये.

मुद्दा असा, की मोगलांची फौज मराठवाड्यात येण्याच्या कितीतरी शतके आधी कंधार हे कंधारच होते. वर्गात मी सांगत होतो ती गोष्ट तिथेच कोसळते.

आता ते दुसरे कंदाहार. अलेक्झांडरने त्या भागात नगर वसवले होते. १९५८ साली तिथे सम्राट अशोकाचा एक लेख सापडला. तो ग्रीक आणि अरमाईक अशा दोन भाषांत आहे. अशोकाची आज्ञा ग्रीक लिपीत कोरलेली पाहायची तर कंदाहारला जावे लागते. नावाविषयी मात्र तिथेही एकमत नाही. कोणी म्हणतात, अलेक्झांडरचे 'इस्कंदर' झाले आणि त्याचे कंदाहार. कोणी ते गांधारवरून आले असे मानतात. पण एक लक्षात ठेवावे. प्राचीन गांधार देश पेशावर आणि तक्षशिलेच्या बाजूला होता, कंदाहारच्या नव्हे. तेव्हा गांधारीचे माहेर म्हणून कंदाहारकडे बोट दाखवणेही तितकेसे सरळ नाही.

मराठी माणसाला या गावाची आणखी एक ओळख आहे. १७६१ साली पानिपतावर आपल्यासमोर उभा ठाकलेला अहमदशहा अब्दाली कंदाहारचाच. १७४७ साली तिथेच तो गादीवर बसला. आजचे शहर त्यानेच वसवले आणि त्याची कबरही तिथेच आहे.

म्हणजे दोन गावे, दोन भाषा, दोन वेगवेगळे उगम. पण फारसी लिहिणाऱ्या मुन्शीच्या लेखणीत दोन्ही नावे एकच झाली. फारसी अक्षरांत दोन्हींचे लेखन सारखेच. आणि गंमत अशी, की एकाच बादशहाला या दोन्ही गावांशी लढावे लागले. तो बादशहा शहाजहान.

१६३१ साली शहाजहान बऱ्हाणपुरात तळ देऊन दख्खनची मोहीम चालवत होता. दख्खनमध्ये त्या वेळी भीषण दुष्काळ पडलेला. आपले कंधार तेव्हा अहमदनगरच्या निजामशाहीकडे होते. मोगल सरदार नसीरी खानाने वेढा घालून मे महिन्याच्या सुमारास ते जिंकले. पयाग नावाच्या चित्रकाराने या वेढ्याचे चित्र काढले आणि ते बादशहाच्या इतिहासग्रंथात, 'पादशाहनामा'त, लागले. त्या ग्रंथाची ती सचित्र प्रत अवधच्या नवाबाने १७९९ साली इंग्लंडच्या राजाला भेट पाठवली. आज ती विंडसरच्या राजवाड्यात आहे. चित्राचे नाव 'कंदाहारचा वेढा'. वाचणारा साहजिकच अफगाणिस्तानाकडे पाहतो. पण साल पाहावे. १६२२ पासून १६३८ पर्यंत ते कंदाहार इराणच्या शहाकडे होते. १६३८ साली अली मर्दान खान या इराणी सुभेदाराने ते न लढता मोगलांच्या हवाली केले. १६४९ साली इराणने ते परत घेतले, आणि मग शहाजहानच्या फौजांनी १६४९, १६५२ आणि १६५३ असे तीन वेढे घातले. औरंगजेब हरला, दारा शुकोहही हरला. तेव्हा १६३१ सालचा वेढा तिकडचा असूच शकत नाही. तो आपल्या मन्याडकाठचा आहे.

मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. दुष्काळात होरपळलेल्या आपल्या मुलखातला एक वेढा, त्याचे चित्र हजारो मैल दूर जपून ठेवलेले, आणि केवळ नावामुळे ते पाहणाऱ्याच्या मनात दुसऱ्याच गावाच्या खात्यावर जमा होणार! मोठ्या नावाच्या सावलीत लहान गावाचा इतिहास असा झाकला जातो.

त्या मोठ्या नावाचा प्रवास पुढे फार विचित्र झाला. १८८० साली मैवंदच्या लढाईत इंग्रज फौजेचा मोठा पराभव झाला. त्या फौजेत मुंबई लष्कराच्या पलटणीही होत्या. त्याचा वचपा काढण्यासाठी जनरल रॉबर्ट्स काबूलहून कूच करून गेला आणि १ सप्टेंबर १८८० रोजी त्याने कंदाहारची लढाई जिंकली. पुढे तो हिंदुस्थानचा सरसेनापती झाला आणि 'कंदाहारचा लॉर्ड रॉबर्ट्स' म्हणवू लागला. १९११ साली स्वित्झर्लंडमध्ये बर्फावरून घसरण्याच्या, म्हणजे स्कीइंगच्या, शर्यतीसाठी त्याच्या नावाचा चषक ठेवला गेला. १९२४ साली तिथे 'कंदाहार' नावाचा क्लब निघाला, १९२८ पासून ऑस्ट्रियात त्या नावाची शर्यत सुरू झाली. आज जर्मनीतल्या बर्फाच्या एका प्रसिद्ध उतारालाही कंदाहारच म्हणतात. कॅनडातल्या गव्हाच्या मुलखात कंदाहार नावाचे एक खेडे आहे, तेही त्याच लढाईच्या आठवणीने. तिथल्या माणसाला अब्दाली ठाऊक नसेल, मग आपले कंधार कुठून असणार?

आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? नांदेड म्हटले की पुण्याचा माणूस हल्ली 'सिंहगड रोडचे का?' असे विचारतो. मन्याड नदी आपल्याकडे आहे, तशी चाळीसगावकडेही आहे. माळेगाव म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर खंडोबाची यात्रा येते, तर बारामतीच्या माणसासमोर साखर कारखाना.

फळांच्या बाजारात विक्रेता 'कंधारी अनार' म्हणून ओरडतो. तो लालभडक दाणा अफगाणिस्तानच्या कंदाहारचा. आणि माळेगावच्या यात्रेत, देवणी जनावरांच्या शेजारी, गडद तांबड्या रंगाचा जो देखणा बैल उभा असतो, तो 'लाल कंधारी'. तो अस्सल आपला. कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूर या भागात शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले हे वाण आहे. दोन्ही कंधारी, दोन्ही लाल, आणि एकमेकांशी काडीचाही संबंध नाही!

याच माळेगावच्या यात्रेत काही वर्षांपूर्वी तो मुलगा मला भेटला. आता तो स्वतः नांदेडकडे एका शाळेत इतिहास शिकवतो. वाकून नमस्कार केला आणि मोठ्या अभिमानाने म्हणाला, "सर, तुम्ही सांगितलेली ती पठाणांची गोष्ट मी दरवर्षी मुलांना सांगतो."

श्रोते हो, माझ्या पोटात खड्डा पडला. तोवर मला खरे काय ते कळलेले होते. पण ज्या मुलांना मी चुकीचे सांगितले, त्यांच्यापर्यंत जाऊन ते दुरुस्त करण्याची तसदी मी घेतली नव्हती. माझी एक थाप दुसऱ्या पिढीच्या वर्गात जाऊन बसली होती.

तिथेच, बैलांच्या दावणीशेजारी उभे राहून मी त्याला सगळे सांगितले. कृष्ण राजा, कंधारपूर, शिलालेख, शहाजहानची दोन कंदाहारे. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "सर, म्हणजे आपलं नाव आपलंच आहे की!"

म्हटले, "होय रे, आपलंच आहे."

त्यानंतर त्याचा फोन आला. त्याने वर्गात फळ्यावर दोन्ही नावे लिहिली, त्यांच्यापुढे साले मांडली, आणि मुलांना सांगितले, की मागच्या वर्गाला मी चुकीचे सांगितले होते, त्यांना भेटलात तर हे कळवा. मला जे वीस वर्षांत जमले नव्हते, ते त्याने एका तासात केले.

मावशी आता नाही. तिचा प्रश्न भाबडा होता, पण त्यात काळजी आपल्या माणसांची होती. कुठलेही नाव कानावर पडले की मी आता तिच्यासारखाच आधी विचारतो, हे कुठले? कुठल्या सालातले? कुणाच्या लिपीतले?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)