विमा, वैद्य आणि मुनिरका

दक्षिण दिल्लीतील मुनिरका हे एके काळी टोकस कुळीच्या जाटांचे शेतकरी गाव होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावच्या जमिनी सरकारने वसाहतींसाठी व संस्थांसाठी संपादन केल्या. गाव मात्र जेथल्या तेथे राहिले आणि शहराने त्यास चोहोंकडून वेढले. आज त्याच्या एका अंगास केंद्र सरकारच्या नोकरवर्गासाठी वसविलेले रामकृष्णपुरम् आहे, दुसऱ्या अंगास जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आहे, आणि मधल्या अरुंद गल्ल्यांतील चार-पाच मजली घरांतून विद्यार्थी, ईशान्य भारतातून आलेले तरुण, दुकानांतील नोकर, पहारेकरी व मोलकरणी असे भाडेकरू दाटीवाटीने राहतात. याच मुनिरक्यात बाबा गंगनाथ मार्गावर राष्ट्रीय आरोग्य व परिवार कल्याण संस्था आहे. देशातील आरोग्याधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी ही संस्था १९७७ साली दोन जुन्या संस्थांच्या एकीकरणातून निर्माण झाली. सफदरजंग रुग्णालय आणि अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था ही दोन थोर सार्वजनिक रुग्णालयेही येथून काही मैलांच्या आतच आहेत.

एवढ्या लहानशा टापूत तीन शेजाऱ्यांना एकच दुखणे झाले, तर तिघांच्या वाटा तीन दिशांना फुटतात. सरकारी कारकून आपल्या आरोग्य योजनेच्या दवाखान्यात जातो. खासगी कंपनीतील नोकर विम्याचे कार्ड खिशात घालून खासगी रुग्णालय गाठतो. गल्लीतला भाडेकरू पहाटे उठून सफदरजंगच्या रांगेत उभा राहतो. या तीन वाटांना ऐंशी वर्षांचा इतिहास आहे, आणि तो मराठी श्रोत्यांस परका वाटू नये. कारण त्याच्या आरंभी उभी असलेली काही माणसे महाराष्ट्राचीच होती.

१९४३ हे साल युद्धाचे आणि बंगालमधील दुष्काळाचे. त्या वर्षी मार्च महिन्यात हिंदुस्थान सरकारने प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना तयार करण्याचे काम सोपविले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. आडारकरांनी १९४४ च्या ऑगस्टमध्ये अहवाल सादर केला. विमा सक्तीचा असावा आणि मालक व कामगार या दोघांनीही वर्गणी द्यावी, हे त्याचे सूत्र होते. विमा सक्तीचा का, याचे उत्तर सोपे आहे. ऐच्छिक विम्यात ज्यास दुखण्याची धास्ती असते तोच आधी येतो आणि धडधाकट मनुष्य बाहेर राहतो. मग हप्ते वाढतात, आणि हप्ते वाढले की उरलेले धडधाकटही निघून जातात. सक्तीमुळे निरोग्याचा पैसा रोग्याच्या कामी येतो.

त्याच १९४३ च्या ऑक्टोबरात दुसरी एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकास जन्मलेले व पुण्यात शिकलेले सनदी अधिकारी होते. समितीसमोर जे चित्र आले ते भयाण होते. जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी १६२ मुले पहिल्या वर्षातच दगावत. सरासरी आयुर्मान सत्तावीस वर्षांहून कमी होते. ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० माणसांमागे एक परिचारिका, असे प्रमाण होते. समितीने बाहेरील तज्ज्ञांचाही सल्ला घेतला. त्यांत वैद्यकाचे इतिहासकार हेन्री सिगरिस्ट होते आणि ऑक्सफर्डचे जॉन राइल होते. १९४६ साली चार खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही योग्य उपचारांवाचून राहता कामा नये, हे त्याचे पहिले तत्त्व. विम्याचा मार्गही समितीने विचारात घेतला होता. परंतु ज्या देशात बहुसंख्य लोकांचे उत्पन्न अनिश्चित, त्या देशात वर्गणी गोळा करणार कोणाकडून? म्हणून वैद्यकीय सेवा सर्वांना भेदाभेद न करता विनामूल्य असावी आणि ज्यांना देणे शक्य आहे त्यांनी आपला वाटा करांच्या रूपाने द्यावा, असा तिने निर्वाळा दिला.

भोर आणि आडारकर यांचे मार्ग वरवर विरुद्ध दिसतात; वस्तुतः दोघांचा हेतू एकच होता. रोगी दारात उभा असताना त्याच्याशी पैशाची घासाघीस होऊ नये. ती आधीच, तो निरोगी असताना, करातून वा वर्गणीतून मिटलेली असावी. पुढे जे घडले ते या हेतूच्या उलट होते, आणि आजच्या संतापाचे मूळ तेथे आहे.

स्वतंत्र भारताने दोन्ही मार्गांवर थोडथोडी पावले टाकली. कामगार राज्य विमा कायदा १९४८ च्या एप्रिलमध्ये झाला, म्हणजे ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू होण्याच्या तीन महिने आधी! २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंनी कानपूर येथे योजनेचे उद्‌घाटन केले. दिल्लीतही ती त्याच दिवशी सुरू झाली. दोन्ही केंद्रे मिळून १,२०,००० कामगारांना तिचा लाभ झाला. १ जुलै १९५४ रोजी दिल्लीतील केंद्रीय नोकरांसाठी वर्गणीवर चालणारी आरोग्यसेवा निघाली. प्रारंभी तिचे १६ दवाखाने व ५३,००० कुटुंबे होती. ज्या सफदरजंग रुग्णालयाचा आरंभ महायुद्धात अमेरिकन सैन्याचे तळ-रुग्णालय म्हणून झाला होता, ते १९५४ साली केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आले. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्या आग्रहाने व न्यूझीलंडच्या देणगीच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या आयुर्विज्ञान संस्थेचा कायदा १९५६ साली संमत झाला. तिची कल्पना मूळ भोर समितीची.

काम थोर होते यात संशय नाही. परंतु प्रत्येक दार एकेका वर्गासाठी उघडले. गिरणीकामगाराला एक, सरकारी कारकुनाला दुसरे, आणि शेतकरी, शेतमजूर, फेरीवाला, घरकाम करणारी बाई यांना तिसरे. या तिसऱ्या दारातली गर्दी वर्षानुवर्षे वाढत गेली व त्यामागची खोली मात्र तेवढीच राहिली. आजही कामगार विम्यात नव्याने येण्यास महिन्याला २१,००० रुपयांपर्यंतच्या पगाराची मर्यादा आहे. ती २०१७ साली घातलेली आहे. मुनिरक्यातील पुष्कळ भाडेकरूंना ठराविक पगार नाही आणि कायद्याच्या व्याख्येत बसणारा मालकही नाही.

या पोकळीत खासगी विमा आला. सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण १९७३ साली होऊन १०७ कंपन्यांच्या जागी चार सरकारी कंपन्या झाल्या. त्यांनी १९८६ साली ‘मेडिक्लेम’ नावाची पॉलिसी काढली. १९९९ च्या कायद्याने खासगी कंपन्यांनाही वाट मोकळी झाली. मागोमाग विमा कंपनी व रुग्णालय यांच्यामध्ये ‘टीपीए’ या नावाने ओळखले जाणारे त्रयस्थ प्रशासक आले. रोग्याने रोख भरावयाचे नाही, परस्पर हिशेब होईल, अशी ‘कॅशलेस’ सोय निघाली. मध्यमवर्गास ती मोठी हमी वाटली यात नवल नाही. आडारकरांनी जी सक्ती धरली होती ती येथे नव्हती, हे फारसे कोणाच्या लक्षात आले नाही. सक्ती नसल्यामुळे कंपनीला निरोगी गिऱ्हाईक हवे आणि रोगी नको, हे ओघानेच आले. मग आधीपासून असलेल्या आजारांसाठी वर्षानुवर्षांचा प्रतीक्षाकाल, वयाची अट, खोलीभाड्याची मर्यादा अशी कलमे निघाली.

खोलीभाड्याचे कलम पाहावे. तीन लाखांच्या विम्यात दिवसाला तीन हजार रुपये भाड्याची मर्यादा आहे आणि रोग्यास सहा हजारांची खोली मिळाली, असे समजू. साध्या माणसाला वाटते, वरचे तीन हजार आपण भरू. परंतु अनेक पॉलिसींत शल्यविशारदाच्या शुल्कापासून इतर बहुतेक खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्म्याने, कापले जातात. हे कलम छापलेले असते आणि त्यावर सहीही असते. तथापि ते समजते ते रुग्णालयाच्या हिशेबखिडकीशी, घरचा माणूस आत निजलेला असताना. लोकांचा राग खर्चापेक्षा या वेळेवर अधिक आहे.

१ जुलै २०१० रोजी या रागाला तोंड फुटले. रुग्णालये विमाधारकांची बिले फुगवितात असा आक्षेप घेऊन चारही सरकारी विमा कंपन्यांनी दिल्ली, मुंबई, चेन्नई व बंगळूर येथील अनेक बड्या रुग्णालयांतील ‘कॅशलेस’ सोय बंद केली. विमा होता आणि हप्तेही भरलेले होते. तरी पैसे आधी रोख मागितले जाऊ लागले. कंपन्यांचा आक्षेप निराधार होता असे नाही. विमा आहे का, हा प्रश्न रोगाच्या आधी विचारण्याची प्रथा रुग्णालयांनीच पाडली होती. पण दोन सावकारांच्या भांडणात जामीन राहिला तो रोगी.

ज्यांच्याकडे विमाच नव्हता त्यांचा झगडा न्यायालयांत चालू होता. दिल्लीतील अनेक खासगी रुग्णालयांना सरकारी जमीन सवलतीने मिळाली होती, ती गरिबांवर मोफत उपचार करण्याच्या अटीवर. अट कागदावर राहिली. अखेर २००७ साली दिल्ली उच्च न्यायालयाने दहा टक्के खाटा आणि बाह्यरुग्ण विभागात पंचवीस टक्के रोगी मोफत, असा आदेश दिला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेने महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांवरही असेच बंधन आहे: दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीने. अपघातात सापडलेल्या माणसास कोणत्याही डॉक्टरने आधी वाचवावे, कागदपत्रे मागाहून पाहावीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले होते. १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री ज्या बसथांब्यावरून एक तरुणी बसमध्ये चढली, त्या मुनिरक्याचे नाव देशभर दुःखाने घेतले गेले. तिच्यावर पहिले उपचार सफदरजंगमध्ये झाले. त्यानंतर २०१३ साली कायद्यात जी दुरुस्ती झाली, तीत अशा अत्याचारास बळी पडलेल्या व्यक्तीवर सरकारी वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने तत्काळ व विनामूल्य उपचार केलेच पाहिजेत, असे कलम घालावे लागले. माणुसकीच्या या गोष्टीला दंडाची भीती जोडावी लागली.

हा राग एकट्या भारताचा नाही. अमेरिकेत महायुद्धकाळी पगारवाढीवर बंदी आली तेव्हा मालकांनी पगाराऐवजी आरोग्यविमा देऊ केला, आणि नोकरी व औषध यांची तेथे जी गाठ पडली ती आजवर सुटलेली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क येथे एका मोठ्या विमा कंपनीच्या प्रमुखाची भर रस्त्यात हत्या झाली. कृत्य निंद्यच; परंतु त्यानंतर हळहळीपेक्षा नाकारलेल्या दाव्यांच्या तक्रारीच अधिक ऐकू आल्या, हे पाहून तेथील विचारवंतही चपापले.

इकडे नियामकांनी काही गाठी सोडविल्या. २०२४ साली प्रतीक्षाकालाची कमाल मर्यादा चार वर्षांवरून तीनवर आली, पासष्ट वर्षांची वयोमर्यादा गेली, आणि ‘कॅशलेस’ संमती एका तासात द्यावी असा दंडक झाला. त्याच वर्षी नितीन गडकरी यांनी नागपूरच्या विमा कर्मचाऱ्यांचे गाऱ्हाणे अर्थमंत्र्यांना कळवून विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के कर उठविण्याची मागणी केली. वैयक्तिक पॉलिसींवरील तो कर २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला. गरिबांसाठी २०१८ साली आयुष्मान भारत योजना निघाली होती; दिल्ली तीत २०२५ च्या एप्रिलमध्ये सामील झाली.

या योजनेचे लाभार्थी मुख्यतः २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेवरून ठरविलेले आहेत. त्या यादीत बसण्याइतका गरीब नाही, आणि स्वतः हप्ता भरण्याइतका सुस्थित नाही, असा एक मोठा वर्ग राहतो. नीती आयोगाने २०२१ साली त्याची संख्या सुमारे ४० कोटी धरली होती. मुनिरक्याच्या गल्ल्यांतील अनेक खोल्यांत तोच राहतो. भोर समितीपासूनच्या समित्यांचे अहवाल बाबा गंगनाथ मार्गावरील संस्थेने जतन केले आहेत, आणि त्याच मार्गाने पहाटे हा भाडेकरू सफदरजंगच्या रांगेसाठी बस पकडावयास निघतो.